सहाशे तेरावी ओळ

तिने डिस्कची वायर अंगठ्याने दाबून धरली होती. जरा सैल सोडली की संगणक डिस्कला ओळख दाखवेनासा व्हायचा, म्हणून गेला पाऊण तास ती खुर्चीच्या टोकाला तशीच अवघडून बसली होती. पडद्यावरची हिरवी पट्टी साठ, पासष्ट, सत्तर अशी रांगत पुढे सरकली. एकाहत्तर टक्क्यांवर थांबली. मग एक चौकट वर आली: एक फाईल अपुरी आहे, अपडेट पूर्ण होऊ शकत नाही.

कुठली फाईल, हे सांगण्याची तसदी मात्र संगणकाने घेतली नव्हती.

तिने कप्तानला फोन लावला. रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडून ठेवली होती, त्याला दहा दिवस झाले होते. तेव्हापासून गावात नेटचा पत्ता नव्हता. फोनवर आवाज तेवढा पोचायचा, तोही त्याच्या मर्जीने.

“कितीवर अडलं?” कप्तानने विचारलं. ती दूरच्या शहरात राहायची आणि पाच जणींच्या संघात सगळ्यांत मोठी होती.

“एकाहत्तर.”

“माझ्याकडे कॉपी करताना एकदा वायर निघाली होती गं. मला वाटलं, घेतलं असेल सांभाळून. डिस्कच्या पाकिटात कागद आहेत बघ, यादीचे. सगळ्या फाईलींची नावं आणि त्यांचे आकार. तुझ्या डिस्कशी ताडून बघ. जी कमी भरेल ती चोर.”

“किती फाईली आहेत?”

“नऊशे चौदा.”

“आज सोमवार आहे.”

“मग लाग कामाला. रविवारी नवं बंदर न बघता आलीस, तर तू आमची वाटाडी कसली? डोळ्यांना पट्टी बांधून आलेली पाहुणी.”

वाटाडी हे तिचं संघातलं काम आणि आता नावही. खेळ होता एका पडक्या बंदराचा: पाच जणींनी माल घेऊन धक्क्यापर्यंत पोचायचं आणि समोरच्या पाच जणींनी अडवायचं. नेम धरणाऱ्या, पळणाऱ्या बाकीच्या होत्या. हिने फक्त वाट सांगायची. कुठल्या गोदामामागे गटार आहे, कुठल्या भिंतीला खिंडार आहे, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. आणि नेमकं गेल्या महिन्यात खेळ बनवणाऱ्यांनी अख्खं बंदर पाडून नवं बांधलं. खेळायला नेट मुंगीएवढं लागतं, अपडेटला मात्र हत्तीएवढं. परवडणाऱ्या पॅकमधला रोजचा डेटा दात घासेपर्यंत संपायचा. तरी तिने अकरा दिवस थोडं थोडं करून उतरवून घेतलं होतं. बाराव्या दिवशी वीज गेली आणि मोजणी पुन्हा शून्यावर आली. त्यात केबल तुटली. शेवटी कप्तानने डिस्क भरून बसच्या पार्सलने पाठवली होती.

रविवारी शहरात निवड होती. संघ चालवणारे लोक समोर बसून खेळ बघणार होते. निवडलेल्यांना वर्षभर राहायला खोली आणि महिन्याला पगार मिळणार होता. ती चोवीस वर्षांची होती आणि गेली चार वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमात बसवत होती. काम वाईट नव्हतं. पण दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून आपण किती वर्षं खाली मान घालून बसायचं, असं तिला हल्ली वाटायचं. नवं बंदर डिस्कवर आलं की नेटशिवाय, एकटीने त्यात फिरून वाटा पाठ करता येणार होत्या. चार दिवस तरी हवेच होते.

ती यादीचे कागद घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

बाबा खिडकीशी बसून औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचत होते. छापखान्यात एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडून दोन वर्षं झाली, पण डोळ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या, विजेची बिलं, पावाची वेष्टनं, त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. गल्लीत त्यांना ‘कानामात्रा’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

“बाबा, नऊशे चौदा ओळी ताडायच्या आहेत.”

“कशासाठी?”

“खेळासाठी.”

“रेल्वेची वेळापत्रकं तपासली मी. शाळांची गणिताची पुस्तकं तपासली. आता खेळण्यांच्या याद्या तपासतो,” बाबा म्हणाले. म्हणता म्हणता त्यांचा हात चष्मा शोधू लागला होता.

तिच्या निवडीला त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. ‘बघू’ म्हणाले होते. त्या घरात ‘बघू’ हा शब्द फार दीर्घायुषी होता.

ते संगणकापाशी येऊन बसले. चौदा कागद समोर ठोकून सरळ केले, लाकडी पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली, पेन्सिल कानावर अडकवली, लाल पेन उजव्या हाताशी ठेवलं. ती लहान होती तेव्हा, आई गेल्यानंतरच्या वर्षांत, छापखान्याचं काम घरी आलं की मूळ प्रत वाचायला तीच बसायची. तिला अर्ध्या शब्दांचा अर्थ कळायचा नाही, पण स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने वाचायचा हे पक्कं शिकली होती. आता उलट झालं. बाबा कागद वाचू लागले आणि ती पडद्यावर बघून ओ देऊ लागली. आकडे तीन तीनच्या घासांनी घ्यायचे, हा त्यांचा नियम.

“दोन एक सात.”

“दोन एक सात.”

“शून्य शून्य चार.”

“शून्य शून्य चार.”

“आठ आठ एक.”

“आठ आठ एक.”

“जुळलं. पुढची.”

सोमवारची संध्याकाळ अशी गेली. मधे चहा झाला, तोही पट्टी जागची न हलवता. पाचव्या पानावर बाबांना फाईलींच्या नावांत गोडी वाटू लागली.

“हा बोगदा कुठे जातो?”

“कुणालाच माहीत नाही अजून. नवीन आहे. तेच तर बघायचंय.”

“म्हणजे गाव बांधून ठेवलं आणि नकाशा दिला नाही.”

“नकाशा मीच करायचा. माझं कामच ते.”

बाबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. छापखान्यातला नवा माणूस पहिल्याच दिवशी बरं काम करून गेला की ते असंच बघत असणार. तिला फार बरं वाटलं. मग त्यांनी पट्टी खाली सरकवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “निवड झाली तर कधी जायचं?”

“लगेच. तिथेच राहायचं, सोमवारपासून.”

“हं.”

त्यांनी पुढची ओळ वाचली. ती मघाचीच ओळ होती.

“ही झाली, बाबा.”

“झाली का? बरं.”

मंगळवारी सकाळी दुकानाच्या वेळेपर्यंत नऊ पानं झाली. पाच उरली. मालक उशीर खपवून घेणारा नव्हता.

“तू जा,” बाबा म्हणाले. “उरलेली मी बघून ठेवतो.”

“एकट्याने? तुम्हीच म्हणता, एकट्याने ताडलेलं कच्चं.”

“एकतीस वर्षं झाली. पाच पानांनी काय होतंय.”

संध्याकाळी ती आली तेव्हा कागद टेबलाच्या कोपऱ्यात नीट रचून ठेवले होते आणि बाबा स्वयंपाकघरात भांडी पुसत होते.

“सगळं जुळलं,” ते आतूनच म्हणाले.

“एकही नाही सापडली?”

“जुळलं म्हटलं ना.”

तिने पुन्हा वायर दाबून धरली. पट्टी रांगत निघाली आणि पाऊण तासाने एकाहत्तरवर येऊन थांबली. बाबा दारात उभे होते. त्यांच्या हातात अजून तेच फडकं होतं.

“मग यादीच चुकीची असेल,” ते म्हणाले. “पाठवणाऱ्या माणसाची चूक. असं होतं.”

दुपारपासून डोकं दुखत होतं. चार दिवसांतला एक गेला होता.

बुधवारी तिची सुट्टी. सकाळी दात घासून ती थेट टेबलाशी जाऊन बसली आणि शेवटची पाच पानं समोर ओढली. वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही आवाज तिने स्वतःच काढले. दहाव्या पानावर एकोणिसावी ओळ, यादीतली सहाशे तेरावी. फाईलीचं नाव ‘गोदामाचा जिना’. कागदावर चार आठ दोन, एक नऊ शून्य, तीन तीन सहा. पडद्यावर चार आठ दोन, एक दोन चार, आठ शून्य शून्य.

तिने पुन्हा वाचलं. चोर सापडला होता. ती खुर्चीत उडालीच, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिला तो ठिपका दिसला.

ओळीच्या डावीकडे, समासात, पेन्सिलीचा. मोहरीएवढाही नव्हता. बाबांची नजर अडखळली की आधी तो पडायचा. मग पुन्हा बघायचं, खात्री करायची आणि ठिपक्यावर लाल खूण करायची. लाल खूण झाली नाही असा ठिपका तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिने उरलेली सगळी पानं उजेडात धरून पाहिली. दुसरा ठिपका कुठेच नव्हता.

म्हणजे डोळे चुकले नव्हते.

तिला राग आला. इतका, की हातातला कागद चुरगळावासा वाटला. मोरीत बाबा नेहमीसारखे मोठ्याने खाकरत होते, आणि काल रात्री तिचं डोकं दुखतं म्हणून याच माणसाने बाम आणून दिला होता. ओरडून भांडलं असतं तर मोकळं वाटलं असतं. पण भांडणात अर्धा दिवस जातो, हे तिला अनुभवाने माहीत होतं, आणि तिच्याकडे अर्धा दिवस नव्हता. तिने पान होतं तसं ठेवून दिलं. कप्तानला फोन लावून फाईलीचं नाव सांगितलं.

“हत्ती गेला आणि शेपूट राहिलं,” कप्तान म्हणाली. “एकटी ती फाईल आमच्या नेटवरच्या साठ्यावर ठेवते मी. पण तू उतरवणार कुठे?”

“फाट्याला नेट आहे.”

“दोन तास लांब आहे ना तो फाटा?”

“मग दोन तास.”

बाबा टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. तिच्या पायांत चपला होत्या.

“कुठे?”

“फाट्याला. एक फाईल कमी आहे, ती आणायला.”

बाबांचा टॉवेल हनुवटीपाशीच थांबला. कुठली, असं त्यांनी विचारलं नाही. “पाणी घेतलंस का?” एवढंच म्हणाले.

फाट्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जाड बाई पंख्याखाली बसल्या होत्या. त्यांच्याकडे एक संगणक, एक प्रिंटर आणि सगळ्या जगाविषयी एक तक्रार होती.

“किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“तासभर.”

“आणायचं काय आहे एवढं? सिनेमा?”

“जिना.”

बाईंनी पंख्याचा वेग कमी केला, म्हणजे नीट ऐकू यावं. “काय?”

“एका गोदामाचा जिना आहे. खेळातला.”

“आमच्या घराचा जिना पंधरा दिवसांत झाला होता,” बाई म्हणाल्या. “बसा.”

चाळीस टक्क्यांवर वीज गेली. संगणक पुन्हा चालू झाला तेव्हा मोजणी शून्यावर होती. दुसऱ्यांदा ऐंशीवर नेट तुटलं. बाईंनी हळहळ व्यक्त केली आणि दुपारी दुकान बंद असतं, हेही सांगून टाकलं. ती म्हणाली, मी बाहेर पायरीवर बसते, तुम्ही उघडलंत की पुन्हा लावू. बाईंनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि आत जाऊन जुनी बॅटरी ओढत बाहेर आणली. त्यांच्या प्रिंटरची होती. वीज गेली तर वीस मिनिटं तग धरेल म्हणाल्या. डबाही त्यांनी तिथेच उघडला.

“घरी कोण असतं?” त्यांनी खाता खाता विचारलं.

“बाबा.”

“ते येऊ देतात एवढ्या लांब? खेळासाठी?”

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. “त्यांनीच शोधून दिली कुठली फाईल कमी आहे ते,” ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, की हे खोटं नाही. तिचा राग कुठल्या वेळी उतरला होता, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या खेपेला, पावणेतीन वाजता, जिना उतरला. लगोलग ती बसमध्ये बसली.

घरी पोचली तेव्हा पाच वाजत आले होते. बाबा ओट्यावर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र होतं, पण घडी मोडलेली नव्हती. ती आत गेली, पेनड्राइव्ह लावला, अपुऱ्या फाईलीच्या जागी नवी ठेवली. मग दहावं पान काढलं.

“बाबा, या. एक ओळ ताडायची आहे.”

ते दारापर्यंत आले आणि थांबले. “एका ओळीला दोन माणसं कशाला?”

“एकट्याने ताडलेलं कच्चं असतं.”

ते येऊन बसले. चष्मा चढवला. तिने ओळीचा क्रमांक सांगितला नव्हता. पट्टी मात्र न शोधता सहाशे तेराव्या ओळीखाली जाऊन बसली.

“चार आठ दोन.” बाबांनी वाचलं.

“चार आठ दोन.”

“एक नऊ शून्य.”

“एक नऊ शून्य.”

“तीन तीन सहा.”

“तीन तीन सहा.”

“जुळलं,” बाबा म्हणाले. पण पट्टी पुढे सरकली नाही. ते कागदाकडे बघूनच बोलले. “ठिपका माझा आहे.”

“माहीत आहे.”

“कधी पाहिलास?”

“सकाळी.”

“आणि बोलली नाहीस काही.”

“रबर तुमच्या खिशातच असतं,” ती म्हणाली. “तरी पुसला नाहीत.”

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, पुसून झाल्या तरी पुसत राहिले. तिने बसवलेल्याच काचा होत्या त्या.

“घर फार मोठं होईल गं,” ते म्हणाले.

दोन खोल्यांच्या घराबद्दल ते असं म्हणाले, आणि तिला हसू आलं नाही. नाही जात मी, हे शब्द अगदी ओठांवर आले. ते तिने गिळले, कारण ते खरे नव्हते, आणि या टेबलावर आता आणखी काही खोटं नको होतं.

“निवड झाली तर मी जाणार, बाबा.”

“हो.”

“रोज फोन करीन. केबल तुटली तरी आवाज पोचतो.”

“हो,” बाबा पुन्हा म्हणाले. त्यांनी लाल पेन उचललं. समासातल्या ठिपक्यावर नेमकी बसेल अशी बरोबरची खूण केली. मग सगळे चौदा कागद गोळा केले, ठोकून सरळ केले आणि शेवटचं पान वर घेतलं.

छापखान्यात अखेरच्या मुद्रितावर त्यांना एक वाक्य लिहावं लागे. त्याखाली त्यांची सही पडल्याशिवाय यंत्राला हात लावायची कुणाची, मालकाचीसुद्धा, छाती नव्हती. आणि एकदा सही पडली की मग छापलेलं परत घेता येत नसे. पुढे जे काही व्हायचं त्याला तेच जबाबदार. दोन वर्षांत त्यांनी ते वाक्य कुठे लिहिलं नव्हतं. आता पानाच्या तळाशी, रिकाम्या जागेत, वळणदार अक्षरात त्यांनी ते सावकाश लिहिलं: छपाईस हरकत नाही. खाली सही केली आणि तारीख घातली.

कागद तिच्याकडे सरकवून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“लाव मशीन,” ते म्हणाले.